कोयनेच्या भरवशावर किती दिवस?

कोकणातल्या पाणीटंचाईवर कुणी लेख लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'धो धो पाऊस पडूनही कोकण उन्हाळ्यात तहानलेलं राहतं.' शाळेपासून हे वाक्य आपण निबंधात लिहीत आलो, भाषणात ऐकत आलो, आणि इतकं ऐकलं की त्याचं काही वाटेनासं झालं. दुसरं वाक्यही ठरलेलं आहे. 'कोयनेचं एवढं अवजल समुद्राला मिळतंय, ते वापरलं की प्रश्न मिटला.' पहिलं वाक्य खरंच आहे. दुसऱ्याबद्दल मात्र मला शंका आहे, आणि हा सगळा लेख त्या शंकेबद्दल आहे.

सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना पुढचं माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोयना ही काही कोकणातली नदी नाही. ती महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे निसर्गाच्या हिशोबाने हे पाणी सांगलीवरून कर्नाटकात, तिथून पुढे थेट बंगालच्या उपसागरात जायचं. आपण मध्ये धरण बांधलं, १०५.२५ टीएमसीचं, आणि त्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवून पोफळीला खाली सोडलं. १९६२ साली पहिलं जनित्र फिरलं. पुढे टप्पे वाढत गेले. १९९९ मध्ये शिवाजीसागराच्या तळाला भोक पाडून, म्हणजे ते प्रसिद्ध लेक टॅपिंग करून, चौथा टप्पा आला, आणि आज सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. वीज करून झाल्यावर जे पाणी उरतं ते अवजल. ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथे आणखी एकदा वीज देतं, आणि शेवटी वाशिष्ठीत सोडलं जातं. चिपळूण, गोवळकोट, आणि मग दाभोळची खाडी.

या अवजलाने वाशिष्ठीचं रूपच बदललं. कोकणातल्या नद्या शिमग्यापर्यंत पार सुकतात, पात्रात नुसते गोटे राहतात. वाशिष्ठी मात्र भर उन्हाळ्यात वाहते. चिपळूण शहर तिच्यावर पाणी पितं, लोट्याची औद्योगिक वसाहत तिच्यावर चालते. साठ वर्षांत दोन-तीन पिढ्यांची अशी सवय झाली की हे पाणी वाशिष्ठीचंच आहे. ते तिचं नाही, हीच मूळ अडचण आहे.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण चिपळूणचा आहे आणि एक सांगलीकडचा. सबमिशनच्या दिवसांत, कामं सोडून बाकी सगळ्या विषयांवर वाद होतात तसा एकदा यांचा झाला. चिपळूणवाला म्हणाला, "अरे, आमच्याकडे कोयनेची मशीन बंद झाली की नळाला पाणी येत नाही, माहितेय का तुला?" त्यावर सांगलीवाला शांतपणे म्हणाला, "आणि आमच्याकडे ती मशीन चालू राहिली की नदी कोरडी पडते, हे तुला माहितेय का?" दोघंही खरं बोलत होते. एकाच तांब्यातलं पाणी दोघांना हवं होतं.

या तांब्यावर कायद्याची रेघही मारलेली आहे. कृष्णेच्या पाण्याचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला तंटा बच्छावत लवादापुढे गेला आणि १९७६ साली निवाडा अमलात आला. त्यात कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली गेली: वर्षाला ६७.५ टीएमसी. हे वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. आता जरा विचार करा. ज्या वर्षी विजेची मागणी जोरात असते आणि कोटा लवकर वापरला जातो, त्या वर्षी हात आखडता घ्यायची वेळ कधी येणार? एप्रिल-मेमध्ये. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा कोकणातली विहीर तळाला गेलेली असते आणि मुंबईहून चाकरमानी घरी आलेले असतात.

वीजनिर्मिती थांबली की चिपळूणला पाणी कमी पडतं, हे तिथल्या लोकांनी अनेकदा अनुभवलंय. खालून भरतीचं खारं पाणी गोवळकोटपर्यंत येतं ते वेगळंच. वरून गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खाडी पुढे सरकायला बघणारच. यात कुणाचा दोष नाही. पोफळीची जनित्रं चिपळूणला तहान लागली म्हणून फिरत नाहीत, ती ग्रिडला गरज पडते तेव्हा फिरतात. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, टीव्ही लागले की कोयनेची आठवण होते, कारण जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं आणि तितक्याच लवकर बंद करता येतं. सौर वीज जसजशी वाढेल तसतशी ही संध्याकाळची गरज जास्तच वाढेल. ग्रिडच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण नदीला एका वेळी लोंढा आणि इतर वेळी थेंब मिळणार असेल, तर त्या नदीवर जिल्ह्याचं नियोजन बसवायचं कसं?

घाटापलीकडे काय चाललंय तेही बघायला हवं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, खानापूर, तासगाव, जतसारख्या दुष्काळी भागांकडे नेतात. तिथल्या लोकांनी या पाण्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. उन्हाळ्यात नदीत पाणी राहावं म्हणून या योजनांना कोयनेतून सोडलेल्या पाण्याचाच आधार असतो. २०२३ च्या पावसाळ्यात कोयना पूर्ण भरली नाही, आणि त्या हिवाळ्यात सांगलीला कृष्णेचं पात्र उघडं पडल्यावर कोयनेतून पाणी सोडण्यावरून केवढा गदारोळ झाला ते आपण पेपरात वाचलंय. अशा वर्षी पहिली कात्री विजेच्या पाण्याला लागते, कारण पिण्याचं पाणी आणि शेती यांच्यापुढे वीज मागे उभी राहते. विजेचं पाणी कापलं म्हणजे अवजल कापलं. आणि आपण त्या रांगेत कुठे आहोत? विजेच्याही मागे. आपल्याला पाणी मिळतं ते कुणी द्यायचं ठरवलंय म्हणून नव्हे, वीज करताना उरतं म्हणून. जतच्या शेतकऱ्यासमोर उभं राहून 'तुझं पाणी आमच्या समुद्रात सोड' असं सांगायला मला तरी जमणार नाही, तेही वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या जिल्ह्यातून!

यावर मित्र म्हणतात, अरे पण आज तरी पाणी येतंय ना, मग ते वापरू नये का? जरूर वापरावं. माझा विरोध वापराला नाही, त्यावर विसंबून राहायला आहे. अवजलाची मागणी मात्र वाढतच चालली आहे. ते मुंबईला नेण्याचा विचार कित्येक वर्षं फायलींमध्ये फिरतोय. राजापूर तालुक्यातल्या रिफायनरीची चर्चा सुरू झाली तेव्हा तिलाही कोयनेचंच अवजल पाइपलाइनने नेऊ म्हणाले. चिपळूण शहरासाठी कोळकेवाडीतून ग्रॅव्हिटीने पाणी आणायची योजना आहे, आणि पंपिंगचा खर्च वाचतो म्हणून ती चांगलीच आहे. पण हे सगळे एकाच उरलेल्या पाण्याकडे बोट दाखवतायत. लग्नाच्या पंगतीत उरेल त्या अन्नावर गावातल्या चार घरांनी आपला स्वयंपाक बंद ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

आणि भूगोल तर सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवा होता. जिल्ह्यात टँकरची पहिली मागणी बहुतेक वेळा कुठून येते? खेड आणि चिपळूणच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांकडून. म्हणजे कोयनेचं पाणी ज्या खोऱ्यातून जातं, त्याच खोऱ्याच्या माथ्यावरच्या माणसांकडून. पाणी खाली, माणसं वर. बाई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते तेव्हा खाली दरीत वाशिष्ठी वाहत असते, पण तिचा या बाईला काही उपयोग नाही. ज्या पाण्याने खाली पडताना वीज दिली, तेच पाणी पुन्हा डोंगरावर चढवायला वीज जाळायची. हिशोब करून बघा: एक घनमीटर पाणी २०० मीटर उचलायला नुसत्या सूत्राने ०.५५ युनिट लागतात, पंपाची कार्यक्षमता धरली तर जवळपास एक युनिट. आकडा लहान दिसतो. पण गावोगावच्या नळयोजना ज्या कारणाने बंद पडल्या त्यांत 'वीजबिल थकलं' हे कारण किती वेळा ऐकलंय ते आठवा. कुणाच्या तरी आजोळी अशी एक बंद टाकी नक्की असेल.

आता मुख्य आकडेमोड. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही लक्षात ठेवा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. माणशी रोज १३५ लिटर धरू. हे शहरी माप आहे, खेड्यांसाठी जलजीवन मिशनमध्ये ५५ लिटरच धरतात, पण आपण कंजूषपणा नको करूया. रोज साधारण २१.८ कोटी लिटर लागतात. टंचाईचे महिने चार, फेब्रुवारी ते मे, म्हणजे १२० दिवस. गुणाकार केला तर सुमारे २,६०० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची चार महिन्यांची घरगुती गरज, शहरी मापाने मोजूनसुद्धा, एक टीएमसीच्या आत आहे!

आणि पडतं किती? जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच धरू, प्रत्यक्षात सरासरी त्याहून जास्तच आहे. हे झालं साधारण ८७० टीएमसी. आठशे सत्तरातला एक. तो एक आपल्याला चार महिने धरून ठेवता येत नाही, म्हणून आपण दुसऱ्या खोऱ्याच्या ६७.५ कडे डोळे लावून बसलोय. सगळ्या महाराष्ट्राचा हिशोब घेतला तरी तेच दिसतं. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात राज्याचं एकूण भूपृष्ठजल सुमारे १६४ अब्ज घनमीटर धरलंय, आणि त्यातलं ६९ अब्ज घनमीटर एकट्या कोकणातल्या नद्यांचं आहे. कृष्णेचं? ३४. आपण ज्याच्याकडे मागतोय तो आपल्या निम्म्याने गरीब आहे.

कुणी म्हणेल, यात हापूसच्या बागा, काजू, भाजीपाला, कारखाने काहीच धरलेलं नाही. बरोबर, धरलेलं नाही. त्यांचं पुढे बोलू. पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न हा पाण्याच्या कमतरतेचा नाही एवढं तरी यातून सिद्ध होतं. तो धरून ठेवण्याचा आणि योग्य उंचीवर धरून ठेवण्याचा प्रश्न आहे.

धरून ठेवणं इथे सोपं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. घाटावरचे लोक म्हणतात, तुमच्याकडे एवढं पाणी, मग तलाव का नाहीत? त्यांना आपला जांभा माहीत नसतो. वरचा जांभा म्हणजे दगडाचा स्पंज. पाऊस पडला की पाणी झरझर आत जातं. त्याच्याखाली चिकट मातीचा थर असतो, आपल्याकडे त्याला शेडी म्हणतात, आणि त्याखाली काळा कातळ. जांभ्यातून उतरलेलं पाणी शेडीवर अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. आपले पऱ्ये, पाणवठे, देवळाजवळची कुंडं बहुतेक या रेषेवर आहेत. जुन्या लोकांनी जिऑलॉजीचा पेपर न देता वाड्या बरोबर त्या रेषेच्या खाली वसवल्या! पण स्पंज जितका लवकर भरतो तितकाच लवकर रिकामा होतो. त्यात नद्यांची लांबी कमी आणि उतार जास्त. सह्याद्रीच्या माथ्यावर सकाळी पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी खाडीत. म्हणून दिवाळीत भरलेली विहीर शिमग्याला तळ दाखवते.

तेव्हा इथे उपाय लहान, पुष्कळ आणि उंचावर असायला हवेत. एक सोपा भागाकार करून बघितला. जिल्ह्यात साडेआठशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. वरचे २,६०० कोटी लिटर त्यांच्यात वाटले तर एकेकीच्या वाट्याला सुमारे ३१ हजार घनमीटर येतात. म्हणजे १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असा एक तलाव. बाष्पीभवनाने चार महिन्यांत पाऊण मीटर जाईल, गळती होईल, गाळ साचेल, म्हणून खोली दुप्पट धरा. तरीही ही काही अशक्य गोष्ट वाटत नाही. अर्थात प्रत्येक गावात चौकोनी तलाव खणा असं मी म्हणत नाही, हा फक्त आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून केलेला हिशोब आहे. (खरं तर आपल्या सड्यांवर असे चौकोन आधीच खणलेले आहेत. चिरेखाणी! चिरे काढून झाले की खाण तशीच सोडून देतात. पावसाळ्यात ती भरते, जांभा पाणी पिऊन टाकतो, आणि हिवाळ्यात ती रिकामी. आत अस्तर घातलं, भोवती कुंपण केलं, तर गावाच्या वरच्या अंगाला तयार टाकी मिळते, आणि पाणी खाली यायला पंपही लागत नाही. मात्र सड्यावर हात घालण्याआधी आजूबाजूला कातळशिल्पं आहेत का ते बघायला हवं. नाहीतर पाणी मिळवता मिळवता हजारो वर्षांचं काहीतरी घालवून बसू.)

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याच विचाराने काम केलंय. त्यांचं जलकुंड म्हणजे बागेत खणलेला प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला छोटा खड्डा, पावसात भरायचा आणि उन्हाळ्यात आंब्या-काजूची नवी कलमं जगवायची. कोकण विजय बंधारा तर आणखी सोपा: ओढ्यातले दगडगोटे रचायचे आणि वरच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद पसरायचा. सिमेंटचे वनराई बंधारे आपण एनएसएसच्या कॅम्पमध्ये बांधतोच. म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, गैरसमज नको. इथे एक तक्रार मांडतो. बंधारा पऱ्याला धार असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बांधला तर त्याचा उपयोग. आपले कॅम्प परीक्षा संपल्यावर, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत निघतात. तोवर पऱ्याची कारंजी झालेली असते. मग बंधारा बांधायचा, त्यासमोर फोटो काढायचा, वार्षिक अहवालात लावायचा, आणि बंधाऱ्यामागे पाणी नाही म्हणून पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा बांधायचा. केटी म्हटलं की आपल्याला एकच अर्थ आठवतो, पण कोल्हापूर पद्धतीच्या केटी बंधाऱ्यांचंही असंच आहे. फळ्या वेळेवर टाकल्या नाहीत तर बंधाऱ्याची सुद्धा केटीच लागते.

लहान म्हणजे आपोआप चांगलं, असंही समजू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची वाडी झोपेतच वाहून गेली. धरण गळतंय असं गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. त्यावर सगळीकडे विनोद झाले, पण मला त्यात विनोद दिसत नाही. मातीचं धरण हे देखभाल मागतं, आणि देखभालीला ना नारळ फोडता येतो ना कोनशिला बसवता येते. गडनदी, अर्जुना ही मोठी धरणं उभी राहिली तरी कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली, हाही त्याच स्वभावाचा भाग. बांधणं आपल्याला आवडतं, पुरं करणं आणि सांभाळणं आवडत नाही. शंभर लहान साठे करायचे तर ते शंभर वेळा सांभाळायची तयारी हवी, त्यासाठी माणूस नेमलेला हवा, त्याला पगार हवा. हा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर दिसला पाहिजे.

घरापुरतं बोलायचं तर छपराचं पाणी आहेच. पाच माणसांच्या घराला फक्त पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी दहा लिटर धरलं तर १२० दिवसांना सहा हजार लिटर लागतं. शंभर चौरस मीटरचं कौलारू छप्पर ७५ मिलिमीटर पावसात, थोडं वाया जाईल असं धरूनसुद्धा, तेवढं देतं. जुलैतला एक जोराचा दिवस! पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, टाकी बंद आणि अंधारी ठेवायची, पाणी मेपर्यंत राहतं. धनगरवाड्यांसाठी तर मला हाच पहिला उपाय वाटतो. दहा घरांसाठी डोंगरावर पाइपलाइन नेण्यापेक्षा दहा टाक्या बांधणं स्वस्त पडेल, आणि टँकर जिथे रस्त्याअभावी पोचतच नाही तिथे तर दुसरा मार्ग तरी कुठला?

जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं तेव्हापासून घरोघरी नळ आले. चांगलं झालं. पण नळ ही तोटी आहे, पाणी नव्हे. मागे उद्भव पक्का नसेल तर तीच आटणारी विहीर, फक्त आता तिला नळ लावलेला. आणि एकाच उद्भवावर सगळं टांगून ठेवण्याची खोड खेड्यापुरती नाही. आपल्या रत्नागिरी शहराचंच घ्या. मुख्य भिस्त शीळ धरणावर, आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती एमआयडीसीच्या काजळी नदीवरच्या पाण्याकडे बघतात. पाऊस लांबला की शहरात दिवसाआड पाणी, आणि आपल्या हॉस्टेलवर बादल्यांची रांग. मे महिन्यात सबमिशनपेक्षा जास्त धावपळ टँकरच्या मागे होते, हे फर्स्ट इयरवाल्यांना लवकरच कळेल.

मग अवजलाचं काय करायचं? माझं मत असं की ते कारखान्यांना द्यावं, करार करून, योग्य दराने. लोटे खोऱ्यातच आहे. कारखाना महिनाभराचा साठा करू शकतो, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरू शकतो, आणि एखाद्या वर्षी अवजल कमी आलं तर उत्पादन थोडं कमी करून तग धरू शकतो. वाडीतली म्हातारी पाणी पिणं थोडं कमी करू शकत नाही. आज आपण उलटं करतोय: माणसांना दुसऱ्याच्या मर्जीचं पाणी, आणि आपलं हक्काचं पाणी समुद्राला. बागायतीचंही असंच ठरवता येईल. खोऱ्याच्या खालच्या भागात अवजलावर पिकं घ्या, पण ती अशी घ्या की एक वर्ष चुकलं तर बाग मरणार नाही. पावसाळ्यात मात्र कोयनेतून जास्त पाणी आलं म्हणून कुणी उपकाराची भाषा करू नये. जुलैमध्ये कोकणाला पाणी देणं म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा ताट वाढणं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर कोळकेवाडीच्या विसर्गावरून किती वाद झाले ते सगळ्यांना आठवतंच. ज्या नदीला उन्हाळ्यात आपण दुसऱ्या खोऱ्याचं पाणी मागतो, तिलाच पावसाळ्यात ते पेलत नाही.

जगात हे कुणी केलंय का, असं विचारलं तर सिंगापूरकडे बघा. आपल्या जिल्ह्याच्या अकराव्या हिश्श्याएवढा देश, पाऊस आपल्यापेक्षा कमी, सुमारे २,४०० मिलिमीटर. पाणी शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून यायचं, आणि तेही कराराने. त्यातला १९६१ चा करार २०११ ला संपला, १९६२ चा २०६१ ला संपणार आहे. करार संपण्याची तारीख डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी दोन-तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गोळा करायची व्यवस्था केली आणि २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून वापरायला लागले. जोहोरचं पाणी त्यांनी बंद केलं नाही, अजूनही घेतात. पण उद्या आलं नाही तर काय, याचं उत्तर त्यांनी आधी तयार ठेवलं. आपल्याकडे पैसा तेवढा नाही हे मान्य. पण आपल्याला समुद्राचं पाणी गोडं करायचं नाहीये, ८७० मधला एक धरायचाय.

असं नियोजन करायचं तर ते तालुक्याप्रमाणे करून भागणार नाही, खोऱ्याप्रमाणे करायला हवं. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, प्रत्येकीचा वेगळा ताळेबंद. किती वाड्या, कुठल्या उंचीवर, कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो, कुठली विहीर मेपर्यंत टिकते. आज टंचाई आराखडा दरवर्षी होतो, पण त्यात टँकर किती लागतील हे असतं, झरा का आटला हे नसतं. विहिरींच्या पातळ्या सरकारी यंत्रणा मोजते, पण ठरावीक निरीक्षण विहिरींच्याच. वाडीवरचं डबकं त्यात कुठून येणार?

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते विषय फिरतात, मागच्या बॅचची फाइल नवीन कव्हर घालून येते. त्याऐवजी सिव्हिलच्या एका ग्रुपने एका खोऱ्यातल्या पन्नास विहिरी घ्याव्यात. दिवाळीत एकदा, शिमग्याला एकदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा, टेपने पातळी मोजायची, जागा नकाशावर लावायची. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा डेटाबेस करावा, पुढच्या बॅचने त्यात भर घालावी. पाच वर्षांत अशी माहिती तयार होईल जी आज कुणाकडेच एकत्र नाही. आणि एनएसएसचा कॅम्प ऑक्टोबरच्या सुट्टीत घेता येईल का, एवढं जरी या वर्षी विचारून ठेवलं तरी पुरे. टेप सर्व्हे लॅबमध्ये पडून आहेत. गाव कुठलं घ्यायचं ते ठरवूया.